फाटकाबाहेरचा माणूस

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. पूर्वी तिथे विद्यार्थी भाडेकरू असत; त्या वर्षी ती रिकामी होती. ओळखीतल्या एक समाजकार्यकर्त्या ताई एका संध्याकाळी घरी आल्या. सात वर्षांची शिक्षा भोगून एक माणूस सुटणार होता. सुतारकाम येत होते, तुरुंगातल्या कारखान्यात शिकला होता. गावी परत जाण्याची सोय नव्हती. ताई म्हणाल्या, "दादा, सहा महिन्यांचा प्रश्न आहे. भाडे आमची संस्था भरेल. जबाबदारी आमची." मी चहा पुढे केला, थोडा वेळ मान हलवली आणि म्हणालो, "द्यायला हरकत नव्हती हो, पण घर रंगवायला काढायचे आहे."

घर त्या वर्षी रंगवले नाही. पुढच्याही वर्षी नाही. खोली आठ महिने तशीच बंद राहिली. त्या माणसाचे काय झाले हे मी ताईंना विचारले नाही, आणि त्यांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

निवृत्तीनंतर तुरुंगांच्या इतिहासाचे वाचन सुरू केले तेव्हा माझ्या मनात ती खोली मुळीच नव्हती, असे म्हणणे खोटे होईल. मला शोधायचे होते ते एवढेच: शिक्षा संपलेल्या माणसासाठी दार उघडणारी माणसे इतिहासात कोण होती? ती अशी का वागली? आणि मी ज्या समाजात वाढलो, त्या समाजात अशा माणसांची परंपरा आहे की नाही?

हार आणि पिशवी

तुरुंग हा विषय मराठी वाचकाला परका नाही. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात, 1933 साली. 'माझी जन्मठेप' तर घराघरात पोचले. तुरुंगातून सुटण्याचे दृश्यही आपल्या ओळखीचे आहे. जून 1914 मध्ये टिळकांना मध्यरात्रीच्या सुमारास गुपचूप पुण्यात आणून सोडले, तरी बातमी पसरली आणि गायकवाड वाड्याकडे माणसांची रीघ लागली. आपल्या स्मृतीत सुटका म्हणजे हार, गुलाल आणि सभा.

पण तुरुंगाच्या फाटकातून रोज जी माणसे बाहेर पडतात, त्यांच्या हातात हार नसतो, कापडी पिशवी असते. पिशवीत आत जाताना जमा केलेले कपडे, काही कागद, मजुरीतून उरलेले थोडे पैसे. चोरी, मारामारी, खून, फसवणूक अशा गुन्ह्यांची शिक्षा भोगून सुटलेल्या या माणसाबद्दल आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले. जगाच्या तुरुंग-वाङ्मयातही भिंतीच्या आतलेच अधिक आहे. जॉन हॉवर्डने 1777 मध्ये इंग्लंडमधल्या तुरुंगांच्या दुरवस्थेचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून कोठडीची लांबी-रुंदी, अन्न, हवा, काम, फटके यांवर सुधारकांनी अहवालांमागून अहवाल लिहिले. फाटकाबाहेरच्या पहिल्या दिवसाचा अहवाल मात्र सरकारने सहसा लिहिला नाही. तो लिहिला एका चांभाराने, एका जमीनदाराने, काही दुकानदारांनी. म्हणजे ज्यांचा या कामाशी अधिकृत संबंध काहीच नव्हता, अशा माणसांनी.

बॉस्टनचा बूट शिवणारा

जॉन ऑगस्टस हा बॉस्टन शहरात बूट तयार करण्याचा धंदा करणारा गृहस्थ. दुकान न्यायालयाच्या जवळ. दारूबंदीच्या चळवळीतला कार्यकर्ता. ऑगस्ट 1841 मध्ये एका सकाळी तो पोलीस कोर्टात बसला होता. दारू पिऊन रस्त्यात पडणाऱ्या एका फाटक्या माणसाला उभे केले गेले. शिक्षा ठरलेलीच होती. ऑगस्टसने त्याच्याशी चार शब्द बोलून न्यायाधीशांना विनंती केली आणि स्वतः जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तोच माणूस कोर्टात परत आला तेव्हा तो ओळखू येत नव्हता. न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी एक सेंट दंड केला. खर्चासह रक्कम झाली तीन डॉलर शहात्तर सेंट.

ऑगस्टस पुढची सतरा वर्षे हेच करत राहिला. 1858 पर्यंत त्याने 1,946 जणांचा जामीन घेतला. माणूस निवडताना तो चौकशी करी: पूर्वीचे वागणे कसे, वय काय, बाहेर पडल्यावर कुणाच्या संगतीत राहणार. मग घर शोधून देणे, काम मिळवून देणे, कोर्टाला वेळोवेळी कळवणे. आज ज्याला 'परिवीक्षा' म्हणतात, त्याचा सगळा आराखडा यात आहे.

त्याला विरोध कुणी केला, हे पाहण्यासारखे आहे. विरोध मुख्यतः कोर्टाच्या आणि तुरुंगाच्या नोकरांचा होता. कैदी आत नेला की त्यांना शुल्क मिळत असे. ऑगस्टसने जामीन घेतला की ते बुडे. वर्तमानपत्रांत त्याच्यावर आरोप झाले की यात याचा स्वतःचा काही फायदा असला पाहिजे. बुटांचा धंदा मागे पडला, मित्रांच्या देणग्यांवर काम चालू राहिले. 1859 मध्ये तो वारला. 1878 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून बॉस्टनसाठी पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद केली.

इंग्लंडमध्येही थोडे असेच घडले. सुटलेल्या कैद्यांना मदत करणाऱ्या मंडळांना 1862 च्या कायद्याने मान्यता मिळाली. 1876 मध्ये फ्रेडरिक रेनर नावाच्या एका मुद्रकाने दारूबंदीचे काम करणाऱ्या चर्चच्या संस्थेला पाच शिलिंग पाठवले आणि पोलीस कोर्टात उभ्या राहणाऱ्यांसाठी काहीतरी करा असे कळवले. त्यातून 'पोलीस कोर्ट मिशनरी' तयार झाले आणि 1907 च्या कायद्याने त्यांचे काम सरकारी चौकटीत आले. दोन्ही देशांत सुरुवात स्वयंसेवकाने केली आणि पुढे त्याची जागा पगारी अधिकाऱ्याने घेतली. ही प्रगतीच होती. पण ऑगस्टसने दोन हजारांच्या आसपास माणसांना दिलेली एक गोष्ट पगारी अधिकाऱ्याला देता येत नाही. ती म्हणजे शेजार. हे माझ्या लक्षात आले ते जपानबद्दल वाचताना.

तळ्याकाठचे पत्र

जपानमध्ये बेघर आणि सुटलेल्या माणसांचा प्रश्न जुना आहे. 1790 मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, खाडीतल्या इशिकावाजिमा बेटावर हासेगावा हेइझो या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने एक कामघर सुरू झाले. घरदार नसलेल्यांना तिथे ठेवून काम शिकवत आणि मजुरीतला काही भाग सुटताना हातात देण्यासाठी राखून ठेवत. मेइजी काळात नवे तुरुंग उभे राहिले. 1881 च्या नियमांत अशी सोय होती की ज्याला घ्यायला कुणीच आले नाही, त्याने शिक्षा संपल्यावरही तुरुंगातल्याच वेगळ्या खोलीत राहावे. खर्च परवडेना म्हणून 1889 मध्ये ही सोय बंद झाली. सरकारने फाटकाबाहेरची जबाबदारी झटकली ती याच सुमारास, आणि याच सुमारास एका खाजगी गृहस्थाने ती उचलली.

त्याचे नाव किंपारा मेइझेन. जन्म 1832, आजच्या हामामात्सु परिसरातला. तेनर्यू नदीच्या पुराने दर काही वर्षांनी गावे बुडत. किंपाराने नदीला बांध घालण्याचे काम हाती घेतले आणि त्यासाठी स्वतःची मालमत्ता देऊ केली. पुढे त्याच्या लक्षात आले की पूर बांधाने थांबत नाही, डोंगर उघडे असतील तर पाणी येणारच. मग त्याने नदीच्या उगमाकडच्या डोंगरांवर देवदार जातीची लाखो झाडे लावली. खाली दिसणाऱ्या संकटाचे मूळ वर कुठेतरी असते, असा विचार करणारा हा माणूस.

शिझुओकाच्या तुरुंगात कावामुरा क्योइचिरो नावाचा अधिकारी होता. त्याची आणि एका कैद्याची कथा जपानच्या पुनर्वसन-चळवळीत मूळकथा म्हणून सांगितली जाते. कैदी निगरगट्ट, कुणाचे न ऐकणारा. कावामुराने त्याच्याशी सतत बोलून त्याला बदलले. सुटताना त्याने शब्द दिला की पुन्हा वाईट मार्गाला जाणार नाही. दहा वर्षांनी तो गावी पोचला. आईबाप वारले होते. बायकोने दुसरा संसार मांडला होता. रात्रीपुरता आसरा मागायला तो चुलत्याकडे गेला. चुलत्याने दारातूनच परत पाठवले. पोटात अन्न नाही, डोक्यावर छप्पर नाही. चोरी केली तर दिलेला शब्द मोडतो. त्याने कावामुराला पत्र लिहिले आणि तळ्यात उडी घेतली.

या कथेत मला हलवून गेले ते असे. आपण नेहमी विचारतो, तुरुंगात माणूस सुधारतो का? इथे माणूस सुधारला होता. तुरुंगाने आपले काम केले होते आणि कैद्यानेही. नापास झाले ते गाव. चुलत्याने काय कारण सांगितले, ते कथेत नाही. पण मला ते ठाऊक असल्यासारखे वाटले. घर रंगवायला काढायचे असेल.

किंपाराने हे ऐकले आणि 1888 मध्ये कावामुराच्या साथीने 'शिझुओका प्रांत मुक्तकैदी संरक्षण कंपनी' स्थापन केली. 'कंपनी' हा शब्द आज विचित्र वाटतो, पण त्या काळी एकत्र येऊन उभारलेल्या कोणत्याही कामाला तो चाले. संस्थेने दोन गोष्टी केल्या. एक, सुटलेल्यांसाठी निवारा आणि काम. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: प्रांतातल्या गावोगावी तिने आपली माणसे नेमली. कुणी शेतकरी, कुणी दुकानदार, कुणी भिक्षू. अशा माणसांची संख्या हजाराच्या पुढे गेली. त्यांचे काम एवढेच, की सुटून आलेल्या माणसाला गावात ओळख दाखवणारा एक तरी माणूस असावा. उघड्या डोंगरावर झाडे लावणाऱ्या माणसाला हे सुचले, यात मला नवल वाटत नाही. किंपारा 1923 मध्ये वारला. संस्था नाव बदलून आजही काम करते.

एकाच शब्दातले दोन अर्थ

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पण इतिहास लिहायचा तर पुढचे पानही वाचले पाहिजे.

जपानी भाषेत या कामाला 'होगो कान्सात्सु' म्हणतात. 'होगो' म्हणजे संरक्षण, 'कान्सात्सु' म्हणजे निरीक्षण. जपून ठेवणे आणि नजर ठेवणे, दोन्ही एकाच जोडशब्दात. 1936 मध्ये जपानी सरकारने 'विचार-गुन्हेगारां'साठी खास संरक्षण-निरीक्षणाचा कायदा केला. साम्यवादी, युद्धविरोधी, सम्राटाच्या सत्तेबद्दल शंका घेणारे यांना तुरुंगातून सोडल्यावर याच पद्धतीने 'सांभाळले' जाऊ लागले. सांभाळणे म्हणजे मत बदलायला लावणे आणि ते बदललेलेच राहते ना हे पाहणे. 1939 च्या कायद्याने गावोगावच्या स्वयंसेवकांनाही न्यायखात्याच्या अधिकृत रचनेत ओढले. शेजाऱ्याची आपुलकी आणि हेराची नजर यांत किती कमी अंतर असते, हे त्या दशकाने दाखवून दिले.

हे वाचताना मला सोलापूर आठवले. तिथे आजही जुन्या पिढीच्या तोंडी 'सेटलमेंट' हा शब्द आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंदवलेल्या जमातींना ब्रिटिश सरकारने तारेच्या कुंपणात वसवले. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर जायचे नाही. कागदोपत्री उद्देश होता 'सुधारणा'. कामे दिली, शाळा काढल्या, गिरण्यांत लावले. पण ज्यांना सुधारायचे म्हणत, त्यांतल्या बहुतेकांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता. जन्म हाच गुन्हा होता. 31 ऑगस्ट 1952 रोजी ते कुंपण कायद्याने निघाले आणि 'विमुक्त' हा शब्द आपल्या भाषेत आला. समाजाच्या मनातले कुंपण निघाले का, याचे उत्तर भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत मराठी वाचकाने वाचलेले आहे.

म्हणून कुणाच्याही पुनर्वसनाची गोष्ट ऐकताना मी आता एक प्रश्न विचारतो. मदत करणाऱ्याच्या हातात वही आहे की कंदील? वही पोलिसांकडे जाते. कंदील त्या माणसाला रस्ता दाखवतो. गोंधळ असा की बऱ्याचदा दोन्ही वस्तू एकाच माणसाच्या दोन हातांत असतात.

गिंझाचे दुकानदार

युद्धानंतरचे टोकियो जळून गेले होते. रस्त्यांवर अनाथ पोरे हिंडत होती. पोटासाठी पाकीट मारत, काळ्या बाजारात निरोप पोचवत. 1949 मध्ये गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचा नवा कायदा झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये गिंझा या बाजारपेठेतल्या दुकानदारांनी त्या कायद्याच्या पाठिंब्यासाठी स्वतःहून एक जत्रा भरवली. ज्यांच्या दुकानांत चोऱ्या होत होत्या, तेच म्हणत होते की या पोरांचे काहीतरी करू या. दोन वर्षांनी, 1951 मध्ये, त्यातूनच 'समाज उजळवण्याची चळवळ' सुरू झाली. दर जुलैमध्ये ती आजही देशभर चालते.

1950 मध्ये स्वयंसेवकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यांना 'होगोशी' हे नाव मिळाले. कायद्याने त्यांची कमाल संख्या 52,500 ठरवली. अलीकडे ती सुमारे 47,000 आहे. त्यांच्या तुलनेत प्रत्यक्ष देखरेखीचे काम करणारे पगारी अधिकारी साधारण हजारभर. होगोशीला पगार नाही, फक्त झालेला खर्च मिळतो. नेमणूक दोन वर्षांची, पुन्हा पुन्हा होऊ शकते. सरासरी वय पासष्टच्या आसपास. निवृत्त शिक्षक, शेतकरी, गृहिणी, देवळातले पुजारी, दुकानदार अशी ही माणसे. जोडीला महिला मंडळे, तरुणांच्या संघटना आणि पूर्वी शिक्षा झाली आहे हे माहीत असूनही कामावर ठेवणारे मालक.

होगोशी करतो काय? महिन्यातून साधारण दोनदा भेटतो. अनेकदा ती भेट होगोशीच्या स्वतःच्या घरी होते. चहा होतो, कधी जेवण. कामावर जातोस का, झोप लागते का, आईशी बोलणे झाले का, असे प्रश्न. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये स्वयंसेवकाची जागा अधिकाऱ्याने घेतली. जपानने अधिकारी नेमले, पण स्वयंसेवकालाही जागेवर राहू दिले. कारण अधिकारी बदलून जातो आणि त्याचे कार्यालय पाच वाजता बंद होते. शेजारी मात्र रात्री नऊलाही शेजारीच असतो. फिलिपाइन्स, थायलंड, केनिया अशा देशांनी पुढे याच धर्तीवर स्वयंसेवक नेमले.

या रचनेची किंमतही सांगितली पाहिजे. मे 2024 मध्ये शिगा प्रांतातल्या ओत्सु शहरात एक होगोशी आपल्या घरात मृतावस्थेत सापडले. साठ वर्षांचे होते. ज्याची देखरेख ते करत होते, त्याच माणसाला खुनाच्या आरोपावरून अटक झाली. सगळा देश हादरला. घरी भेटावे की सार्वजनिक जागी, एकट्याने भेटावे की दोघांनी, वृद्ध स्वयंसेवकांवर किती भार टाकावा, नव्या पिढीतून माणसे का येत नाहीत, हे सगळे प्रश्न एकदम वर आले. नवे स्वयंसेवक मिळणे त्या आधीच अवघड झाले होते.

मी ही बातमी वाचली त्या दिवशी माझ्या मनात पहिला विचार आला तो लाजिरवाणा होता: बरे झाले, मी खोली दिली नाही. दुसरा विचार यायला बराच वेळ लागला. पाऊणशे वर्षे हजारो घरांत महिन्यातून दोनदा चहा झाला, आणि त्यातल्या कुठल्याही चहाची बातमी झाली नाही. बातमी मोडलेल्या विश्वासाची होते, पाळलेल्या विश्वासाची होत नाही. म्हणून धोका नसतो असे नव्हे. धोका असतो, आणि तो एकट्या स्वयंसेवकाच्या अंगावर टाकणे हा राज्याचा आळस आहे. स्वयंसेवक असणे म्हणजे एकटे असणे नव्हे, एवढे तरी ओत्सुच्या घटनेतून शिकायला हवे.

आटपाडीचे माळरान

आता आपल्याकडे. 1939 च्या जानेवारीत औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी स्वराज्याची घटना जाहीर केली. त्या कामात गांधीजींचा सल्ला होता, युवराज आप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रीडमन होते. फ्रीडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू अभियंते. 'स्वामी भारतानंद' या नावानेही ओळखले जात. बंगळूरचा सरकारी वीजसाहित्याचा कारखाना चालवत असताना त्यांचा औंधशी संबंध आला. त्यांनी राजांकडे संस्थानातले कैदी मागितले. आटपाडीजवळच्या माळावर भिंतीशिवाय वसाहत उभी राहिली. कैदी तिथे शेती करत आणि आपल्या कुटुंबासह राहत. नाव ठेवले स्वतंत्रपूर.

मराठी वाचकाला ही गोष्ट दुसऱ्या वाटेने माहीत आहे. आटपाडी परिसराच्याच मातीतले ग. दि. माडगूळकर यांनी त्यावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. चित्रपटात एक तुरुंगाधिकारी आणि सहा कैदी आहेत, आणि शेवटी अधिकारी प्राण देतो. स्वतंत्रपूरमध्ये मला महत्त्वाचे वाटते ते चित्रपटात नाही. तिथे बायकामुले सोबत होती. शिक्षा भोगताना संसार मोडत नव्हता. शिझुओकाच्या त्या कैद्याला दहा वर्षांनी जे गाव उरले नाही, ते गाव इथे माणसाबरोबरच राहत होते. संस्थान विलीन झाले, वसाहत राज्याच्या तुरुंग विभागाकडे आली आणि खुली वसाहत म्हणून आजही आहे.

पण स्वतंत्रपूरची सोय शिक्षेच्या मुदतीपुरती. सुटकेनंतर काय? 1919-20 च्या भारतीय तुरुंग समितीने सुटलेल्यांना मदत करणाऱ्या मंडळांची गरज सांगितली होती. मुंबई इलाख्यात 1938 मध्ये परिवीक्षेचा कायदा झाला. 1980 ते 1983 या काळात न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने सुटकेनंतरच्या आधाराचा विषय पुन्हा मांडला. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत 'परिवीक्षा व अनुरक्षण संघटना' आहेत. त्यांची पाटी निरीक्षणगृहाबाहेर आपण अनेकदा वाचतो. 'अनुरक्षण' म्हणजे नंतरही राखणे. शब्द किती चांगला आहे! पाटीवरून तो आपल्या बोलण्यात मात्र कधी उतरला नाही.

1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात एक बारीक तरतूद आहे. परिवीक्षा अधिकारी सरकारीच असला पाहिजे असे नाही. मान्यताप्राप्त संस्थेने दिलेली व्यक्तीही ते काम करू शकते. आणि परिवीक्षेवरच्या माणसाला योग्य काम मिळावे म्हणून धडपडणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. म्हणजे समाजासाठी एक खुर्ची कायद्याने मांडून ठेवली आहे. हा कायदा शिक्षा भोगून सुटलेल्यांसाठी नाही, हे खरे. त्यांच्यापैकी काहींसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेत वेगळी तरतूद होती: वारंवार गुन्हा करणाऱ्याने सुटल्यावर पाच वर्षांपर्यंत आपला पत्ता कळवत राहावा असा आदेश न्यायालय देऊ शके. त्याच्या दारात पहिला येणारा माणूस बहुधा पोलीसच असणार, अशी ती व्यवस्था. वहीची सोय झाली, कंदिलाची राहिली.

राहिली म्हणजे अगदी शून्य नव्हे. 1990 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातून 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला. तुरुंगात, न्यायालयात आणि सुटकेनंतरही तिथले कार्यकर्ते सोबत राहतात. लहान शहरांत अशा संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांच्यामागे उभे राहणारे नागरिक त्याहून कमी.

खोली

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी ताईंना फोन केला. इतक्या वर्षांनी. त्या सुताराबद्दल विचारले. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्या एकाने जागा दिली होती, दादा. गॅरेजवाला आहे. दीड वर्ष राहिला तिथे. आता स्वतःचे दुकान आहे."

मला बरे वाटले, आणि त्या बरे वाटण्याची लाजही वाटली. त्या माणसाचे भले झाले यात माझा काहीच भाग नव्हता. तळ्याकाठच्या कथेतला चुलता आणि मी यांच्यात फरक एवढाच, की माझ्या गावात एक गॅरेजवाला होता.

मी विचारले, "आता खोलीची गरज आहे का?" खोलीत सध्या बँकेतला एक मुलगा राहतो, हे मी त्यांना सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, "खोली लागेल तेव्हा सांगेन. आत्ता वेगळेच काम आहे. सुटून आलेल्यांची आधार, रेशन कार्ड, बँक खाते अशी कामे अडतात. पत्त्याचा पुरावा नसतो. कार्यालयात एकटे गेले की कुणी नीट बोलत नाही. शेजारी कुणी बसले असेल तर बोलतात. तुमचे केस पांढरे झालेत, तेवढ्यानेही फरक पडेल."

गेले चार महिने मी मंगळवारी सकाळी जातो. अर्ज भरतो, रांगेत उभा राहतो, खिडकीवरच्या माणसाला "साहेब, जरा बघा" म्हणतो. सोबत असलेला माणूस पहिल्या दिवशी बहुतेक गप्प असतो. मी काय केले म्हणून तू आत गेलास, असे विचारत नाही. तो तू कोण, असे विचारत नाही. मागच्या मंगळवारी एकाचे रेशन कार्ड झाले. बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. पैसे त्याने दिले. मी देऊ दिले.